सव्वा मूठ गव्हासाठी पाच दिवस

प्रवासाला निघण्याआधी मी दोन याद्या करते. पहिली ठिकाणांची. ती सगळेच करतात. दुसरी प्रश्नांची, आणि तिच्यावरून घरी-दारी माझी बरीच थट्टा झालेली आहे. जिथे जायचं तिथल्या रोजच्या गोष्टींबद्दल मनात साचलेले फुटकळ प्रश्न मी तिच्यात लिहून ठेवते आणि उत्तर देईल त्याला विचारत सुटते. या श्रावणात जळगाव-धुळ्याला जायचं ठरलं तेव्हा पहिल्या यादीत मेहरूण तलाव, फैजपूरचा केळीपट्टा, पारोळ्याचा किल्ला आणि येताना धुळे असं सगळं व्यवस्थित होतं. दुसऱ्या यादीत तीन प्रश्न होते. केळीच्या घडाला पिशवी का घालतात? रोटाची मूठ कोणाच्या हाताने मोजतात? आणि तिसरा, मी कोणाच्या मुठीत?

पहिले दोन प्रश्न कोणालाही विचारता येण्यासारखे होते. तिसऱ्यासाठीच मी निघाले होते, आणि तो कोणाला विचारायचा हे मला माहीत नव्हतं.

ज्यांना खानदेशची कानबाई देवी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. सोमवारी तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, करतात, आणि रोटाचं धान्य मोजून घेतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सुरतेला असो, पुण्याला असो, पाळण्यात असो, त्याचं नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. बायकांच्या नावाने मूठ नसते. बायको नवऱ्याच्या मुठीतलं खाते, लग्न न झालेली मुलगी बापाच्या. लग्न होऊन गेलेली लेक माहेरचा रोट खात नाही, कारण ती आता सासरच्या मुठीत असते. गावोगावी, घरोघरी यात थोडा फरक असेल. आमच्या घरी असं आहे.

माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. सासर धुळ्याचं, तेही कानबाईवालेच. आठ वर्षं मी त्यांचा रोट खाल्ला. तो सुटला आणि माहेरचा तर लग्नाच्या मांडवातच सुटला होता. घटस्फोटानंतरच्या पहिल्या श्रावणात माझ्या वडिलांनी त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे आबांना, गावी फोन करून विचारलं, पोरीला घेऊन येऊ का, माझ्या मुठीतलं खाईल. आबा म्हणाले, तशी रीत नाही. वडील वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी फोन ठेवला आणि त्या वर्षी गेलेच नाहीत. पुढची दोन वर्षंही गेले नाहीत. मग ते वारले. आई त्याआधीच गेलेली. म्हणजे माझ्यापायी माझ्या बापाच्या तीन कानबाया चुकल्या, आणि त्या शेवटच्या तीन होत्या. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

यंदा आषाढात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे आबांची बायको, माझी मोठी काकू. सगळं गाव तिला अक्का म्हणतं म्हणून मीही. एवढंच म्हणाली, "कानबाई देखाले ये." रोटाबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून आलेल्या गाडीने जळगावला उतरले. खरं तर तिथूनच पारोळ्याची एसटी धरून दुपारपर्यंत गावी पोचता आलं असतं. पण पहिली यादी कामाला आली. स्टेशनजवळ एक बरीशी खोली घेतली आणि मेहरूण तलावावर गेले. तलाव भरलेला होता, काठावर चालणाऱ्यांची सकाळ संपत आली होती आणि गाडीवर एकजण गरम पोहे विकत होता. पोहे चांगले होते. मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत, पण ती हिवाळ्यात. तेव्हा बोरांसाठी यायचं असेल तर श्रावणात येऊ नका, भरीत खायला यायचं असेल तरीही नको. खानदेशचं भरीत थंडीतच खावं.

दुपारी फैजपूर. जळगावहून एसटी आहेत, भुसावळवरूनही जाता येतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च हा या सहलीतला सर्वांत किरकोळ भाग. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीशिवाय काही दिसत नाही. रस्त्यालगतच्या एका बागेत घड उतरवून ट्रक भरणं चाललं होतं. मालक बांधावर उभे होते, डोक्याला रुमाल बांधलेले, साठीचे गृहस्थ. त्यांना पहिला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ऊन, वारा, पानं घासून साल काळी पडते. बाहेरच्या गिऱ्हाईकाला साल गोरी लागते, आत काय आहे ते नंतर." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही पेपरवाल्या का?"

"नाही. कानबाईला गावी चाललेय, पारोळ्याकडे."

"मग इकडं कुठं? गाव पारोळ्याकडं म्हणता आणि फैजपूरला काय करता?"

मी म्हटलं, केळी बघायला आले. त्यांनी घडाच्या टोकाची चार केळी तोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. परतताना एसटीच्या खिडकीत बसून ती खाल्ली तेव्हा कबूल केलं की मी वेळ काढत होते. चाळिशी उलटलेली बाई शनिवारी गावी पोचायला घाबरत होती.

शनिवारी सकाळी जळगाव-धुळे एसटी धरली. जाणाऱ्यांसाठी सूचना: कंडक्टरला आधी विचारा, गाडी पारोळ्यात गावातून जाते की बाहेरून. चौपदरी रस्ता झाल्यापासून काही गाड्या बाहेरूनच निघून जातात आणि मग पाठीवर पिशवी घेऊन चालत आत यावं लागतं. एरंडोलपर्यंत बसायला जागा नव्हती. पुढे एका आजीबाईंशेजारी मिळाली. त्यांच्या मांडीवर नव्या परडीत नारळ, हिरव्या बांगड्या आणि खण होता. एरंडोलच्या पुढे कपाशी कमरेएवढी झालेली दिसत होती.

"कोना घर जाई ऱ्हायनी?" आजीबाईंनी विचारलं.

मी गावाचं आणि आबांचं नाव सांगितलं.

"सासर का माहेर?"

"माहेर."

"माहेरनी कानबाईले?" त्या जरा सरकून बसल्या. "मंग रोटना येळले काय करशी?"

"बघू."

"आमनी आंडेर भी येस. रोट काढाना आगोदर उठी जास. तिले सांगनं पडत नही." आंडेर म्हणजे लेक. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पारोळ्यापर्यंत कपाशीला पाऊस कसा कमी पडला ते सांगितलं. मी हो हो करत राहिले. रोटना येळले काय करशी हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

पारोळ्यापासून आमचं गाव सात-आठ किलोमीटर आत, बोरी नदीच्या काठाला. काळीपिवळी भरली की सुटते. किल्ला बघायचा राहिला, तो तुम्ही बघा.

अक्का दारातच होती. माझ्या गालावरून हात फिरवून तिने बोटं कडाकडा मोडली. "ऊनी का माय? कितली वाळी गयी. बठ, पानी पे." आबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, पाठ वाकली आहे, पण धोतर तसंच कडक. मी पाया पडले.

"कव्हय निंघनी?"

"परवा रात्री. काल जळगावला राहिले."

"घर व्हतं ना आठे," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. रागावले होते की वाईट वाटलं होतं, मला ओळखता आलं नाही.

घरात आबांचा धाकटा मुलगा दीपक, त्याची बायको सुनीता आणि त्यांची दोन लहान मुलं. थोरला सुभाष सुरतेला असतो, त्याला यंदा सुट्टी मिळाली नव्हती. आबांची मुलगी मंदा शिरपूरला दिलेली, तीही कानबाई बघायला आली होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही दोघी नदीत तासन्‌तास बसून असायचो.

दुपारी जेवणं झाल्यावर धान्य काढलं. ओसरी सारवलेली, मध्ये पाटावर नवं सूप, शेजारी निवडलेल्या गव्हाचं टोपलं आणि हरभऱ्याच्या डाळीचं. आबा आंघोळ करून सोवळ्याने बसले. बाकी सगळे भिंतीला टेकून. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले, धड आत नाही, धड बाहेर नाही. तिथून मी माझा दुसरा प्रश्न विचारला. प्रश्न विचारणं एवढंच मला अवघड जागी जमतं.

"आबा, मूठ कायम तुमचीच असते का?"

"मना बापनी व्हती. मंग मनी." त्यांनी उजवा हात उघडून बघितला. "आते हात आटी गया. बठ्ठासना वाटा धाकला व्हई गया."

सगळ्यांचा वाटा लहान झाला हे ऐकून सुनीता हसली. आबाही थोडेसे हसले. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि पहिली मूठ कानबाईच्या नावाने टाकली. दुसरी स्वतःची. पुढे एकेक नाव. मूठ टाकायची, वर चिमूटभर सव्व्याचे दाणे, मग नाव. सुभाष. सुभाषचा मुलगा. दीपक. दीपकची दोन पोरं. त्यांचा आवाज बारीक होता, पण नाव मात्र ठासून उच्चारायचे, जणू त्या माणसाला हाक मारताहेत. मग चुलत घरातले. रतन. रतनचा भाऊ. पुन्हा मूठ भरली, टाकली, वरचे दाणे टाकले, आणि म्हणाले, "प्रल्हाद."

प्रल्हाद म्हणजे माझे वडील.

आबांचा हात सुपावरच राहिला. काय झालं हे त्यांना एक क्षण कळलंच नाही, मग कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी चौकट घट्ट धरली. तीन वर्षांत ते नाव कोणी असं, हयात माणसाचं घेतात तसं, घेतलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही.

"आबा," दीपक हळूच म्हणाला, "प्रल्हादकाकानी..."

"भूल पडी," आबा म्हणाले. "गयेल मानूसनी मूठ लेतस नहीत."

"काढी लेवानी का?" सुनीताने विचारलं.

अक्का डाळीच्या टोपल्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "कशी काढशी? दाना दानामा मियी गया. कोना कोनता, सांग माले."

सुपात नुसते गहू होते. कुठली मूठ कोणाची हे खरोखरच सांगता आलं नसतं. आणि देवीच्या नावाने सुपात पडलेलं धान्य परत टोपल्यात टाकायचं नसतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. मृताच्या नावाने मूठ घ्यायची नाही, घेतलेली परत करायची नाही, रोट उरू द्यायचा नाही, आणि घरच्या माणसाशिवाय कोणाला द्यायचा नाही. हे सगळे नियम एकदम त्या सुपापाशी येऊन अडले होते.

"मंग ती मूठ खाई कोन?" आबा म्हणाले. ते अक्काला विचारत नव्हते, स्वतःशीच बोलले.

अक्काने माझ्याकडे बोट केलं. "प्रल्हादभाऊनी आंडेर दारमा उभी शे. बापनी मूठ तिनी नही खावानी ते कोनी खावानी?"

आबांनी सुपातले गहू बोटांनी सारखे केले. मला वाटलं, आता ते तेच वाक्य म्हणतील, रीत नही. ते म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. राहिलेली दोन नावं घेतली, दोन मुठी टाकल्या, डाळीचंही तसंच मोजलं आणि उठताना दीपकला म्हणाले, "दयाले धाडा."

दळायला सुनीताबरोबर मी गेले. ज्यांना असल्या गोष्टींचं कुतूहल आहे त्यांनी कानबाईच्या आदल्या दिवशीची गिरणी जरूर बघावी. गिरणीवाल्याने सकाळीच गिरणी धुऊन पुसून, हळदकुंकू लावून ठेवली होती. बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर झाकलेला डबा. या दिवशी एकाचं पीठ दुसऱ्याच्या पिठात चालत नाही. एक दळण झालं की तो माणूस कापडी नळी काठीने झोडून झोडून शेवटची भुकटीही डब्यात पाडायचा आणि मगच पुढच्या बाईला बोलवायचा. आमचा नंबर आला तेव्हा त्याने डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला.

"औंदा एखादी मूठ जास्ती शे का? पोऱ्या व्हयना का?" त्याने सुनीताला विचारलं.

"नही," सुनीता म्हणाली. "आते दयी द्या."

वाटेत ती एकदम म्हणाली, "वैशालीताई, माझं ऐकाल तर आबांना काही विचारू नका. विचारलं की माणूस नियम सांगतो." सुनीता धुळ्यात शिकलेली, माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलते. मी तिचं ऐकलं.

रविवारचा दिवस कामात गेला. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र घालून कानबाई तयार केली, चौरंगावर बसवली, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. अक्काने खापरावर पुरणाचे मांडे केले. खापर म्हणजे चुलीवर उपडं ठेवलेलं मातीचं मोठं भांडं. तिच्या कोपरापर्यंत पसरलेला मांडा ती त्यावर टाकते तेव्हा बघणारा बोलायचा थांबतो. जोडीला खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. संध्याकाळी गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या. तुमची कोणाशी ओळख असेल तर या दिवशी खुशाल जा, दर्शन घ्या, मांडे खा, खानदेशी माणूस तुम्हाला उपाशी सोडणार नाही. फक्त रोट मागू नका. ते त्यांना देता येत नाही आणि नाही म्हणताना त्यांना फार वाईट वाटतं.

रोटाचं पीठ अक्काने सोमवारी पहाटे गुळाच्या पाण्यात मळलं. मी चुलीपासून चार हात लांब बसले. पिठाला हात लावावा की नाही, कळत नव्हतं. मंदाही माझ्याजवळच बसली होती, पण तिला कसलाच पेच नव्हता, ती मजेत लसूण सोलत होती. जाड, तळहाताएवढे रोट अक्का भाजून एका टोपलीत ठेवत गेली. मला तिने ना काही करायला सांगितलं, ना करू नको म्हटलं.

सकाळी वाजतगाजत बोरीवर गेलो. पाणी गढूळ होतं आणि बेताचं. सुनीताच्या डोक्यावर कानबाई होती, आरती झाली, विसर्जन झालं, नदीतली मूठभर वाळू घेऊन परत आलो. घरी आल्यावर शेजारपाजारचे आपापल्या घरी गेले. कोणी कोणाला जा म्हणालं नाही. दीपकने दार लोटून घेतलं आणि पाट मांडायला सुरुवात केली. रोटाची टोपली मधे आली.

मंदा उठली. स्वतःच्या बापाच्या घरातून, आईने केलेला रोट समोर असताना, ती पदर सावरत सहज उठली आणि म्हणाली, "मी शेजारना ओट्टावर बठस." तिच्या मागोमाग मीही उठले. सख्खी लेक जात असताना मी कुठल्या तोंडाने बसणार होते? तिने दारात मागे वळून बघितलं आणि माझ्या दंडाला धरलं.

"तू कथा?"

"तू चाललीस ना."

"माले शिरपूरले मूठ शे. मना मालकनी. आज सांजले जाईसन खासु." ती हळू बोलत होती, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं. "तुले कोठे शे?"

पुण्याहून निघाल्यापासून ज्या प्रश्नाला मी केळीच्या बागा आणि तलाव दाखवून लांब ठेवलं होतं तो मंदाने सरळ तोंडावर विचारला. मागून आबांचा आवाज आला.

"वैशाली. बठ."

मी वळले. आबांच्या उजव्या हाताला एक पाट रिकामा होता.

"प्रल्हादना पाट शे," ते म्हणाले. "रिकामा ठेवू नको."

मंदाने माझा दंड सोडला, बाहेर गेली आणि दार पुन्हा ओढून घेतलं. मी जाऊन बसले. अक्काने पानात रोट वाढला, वर दही. मी पहिला घास घेतला आणि रडायला लागले, दीपकचा धाकटा घाबरून आईला चिकटला. कोणी मला गप्प केलं नाही. रडत रडत मी अख्खा रोट खाल्ला. चवीला गोडसर, थोडा करपलेला, घशाला लागणारा. जगातल्या चांगल्या पदार्थांत कोणी त्याची गणना करणार नाही.

दुपारी आबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. सुनीताने विचारू नका म्हटलं होतं, पण शनिवारची भूल होती की आणखी काही, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. मी काही म्हणायच्या आतच ते बोलले.

"तीन साल ते नाव जिभवर येस. दर साल गियी लेस. औंदा गियाई नही."

दर वर्षी ते नाव त्यांनी गिळलं होतं, यंदा गिळता आलं नव्हतं.

"त्यानी फोन कया व्हता. तू माहेरनी का सासरनी, माले काय करनं व्हतं? हा म्हनाले काय जातं मनं?" त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो आटलेला हात बराच जड होता. "तीन कानबाया तो ऊना नही. मी मूठ टाकू, आन वाट देखू. मंग त्याना वाटाना रोट आम्हीच खाऊत. गोड नही लागे."

वडील आले नाहीत त्या तिन्ही वर्षी त्यांची मूठ आबा टाकतच होते, हे मला तेव्हा कळलं. पुण्यात वडील कानबाईच्या दिवशी दाढी न करता बसून राहायचे. आणि इकडे हे त्यांच्या नावाचा रोट खात होते. दोघांपैकी एकानेही दुसऱ्या वेळी फोन केला नाही. मला आबांचा राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्यांचा हात डोक्यावरून काढावासा वाटला नाही.

मंगळवारी सकाळी निघाले. अक्काने धुवट फडक्यात सहा रोट बांधून माझ्या पिशवीत घातले. "पुनीमना आत सराई टाक. दुसराले देवानं नही, टाकानं नही." मंदा आदल्या संध्याकाळीच शिरपूरला गेली होती.

पारोळ्याहून धुळे तासाभराचं. धुळ्यात पुण्याची गाडी मिळायला दोन तास होते. बसस्टँडवर रिक्षावाले "देवपूर, देवपूर" ओरडत होते. देवपूरला माझं सासर होतं. आठ वर्षं मी त्या घराचा रोट थापला, अक्कासारखाच, पहाटे उठून. पांझरा ओलांडली की तिसरी गल्ली. गेले नाही, जायचं काही कारण नव्हतं. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली, धुळ्याला थांबलात तर तुम्हीही खा, पण पाणी जवळ ठेवा. त्या घराबद्दल मनात जे इतकी वर्षं ठसठसत होतं ते त्या दिवशी फारसं ठसठसलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन मी गाडीची वाट बघत बसले.

पौर्णिमा शनिवारी होती, तिच्या आत ते संपवायचे होते. पुण्यात आल्यावर रोज सकाळी एक आणि रात्री एक रोट, दुधात भिजवून. दुसऱ्या दिवसापासून ते इतके कडक झाले की खलबत्त्यात फोडावे लागले. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तो वाडगा घेऊन बसायचे. या सहलीतून काय मिळालं असं मैत्रिणींनी विचारलं, फोटो मागितले. रोटाचा फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू वाटी परत द्यायला आल्या. आमच्यात पाच वर्षं वाट्यांची देवाणघेवाण चालते, एकही पदार्थ एकमेकींना दिल्याशिवाय आम्ही खाल्लेला नाही. ओट्यावर फोडून ठेवलेला रोट त्यांनी पाहिला.

"हे काय गं? गावचं दिसतंय. एक तुकडा दे बघू, चव घेते."

"नाही देता येणार, काकू."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "का गं?"

"ते फक्त घरच्या माणसांनी खायचं असतं," मी म्हटलं.

ते वाक्य जोरात बोलायचं नव्हतं, तरी आवाज मोठाच निघाला. काकूंनी माझ्या रिकाम्या घराकडे एकदा नजर टाकली.

"मग एवढं सगळं तू एकटी खाणार?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या वडिलांच्या वाटचं आहे."